विकायचे घर आधी उघडावे लागते

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांचे गावाकडे एक घर आहे, गणपतीचे पाच-सात दिवस आणि मे महिन्यातला एखादा आठवडा सोडला तर त्याला कुलूप असते, आणि ‘आता ते विकून टाकू या’ असा विषय घरात कधी ना कधी निघालेला आहे, असे गृहीत धरून मी बोलणार आहे. मूल्यांकनाच्या कामानिमित्त रत्नागिरी, गुहागर, दापोली या भागांतली अशी घरे मी पुष्कळ पाहिली. ती विकायला काढताना लोक प्रथम रंगाऱ्याला बोलावतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते.

घर पाहायला आलेल्या माणसाचे नाक त्याच्या डोळ्यांआधी काम करते. ओल्या गाद्या, माळ्यावरची वटवाघळांची घाण आणि बंद हवा यांचा मिळून जो कुबट वास येतो, तो रंगाने जात नाही; अगरबत्तीने तर तो अधिकच संशयास्पद होतो. पूर्वी रोजच्या चुलीची ऊब आणि धूर आढ्यापर्यंत पोहोचत असे, त्यामुळे वासे आणि रिपा कोरड्या राहत. राहत्या घरापेक्षा बंद घर लवकर कुजते याचे हे एक कारण आहे. म्हणून गिऱ्हाईक येण्याआधी निदान पंधरा दिवस कोणीतरी तिथे जाऊन राहावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, चूल पेटवावी, गाद्या जाळून टाकाव्यात, विहीर उपसून घ्यावी. शहरातून आलेला माणूस विहिरीचे पाणी चाखून पाहतोच, आणि किनाऱ्यालगत ते मचूळ लागते का, हा त्याचा रास्त प्रश्न असतो.

खर्च करायचा असेल तर तो छपरावर करा. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. एका फुटक्या कौलातून झिरपणारे पाणी वाशावरून ओघळत भिंतीपर्यंत जाते, वाशाचे टोक तिथे कुजते आणि मग वाळवीला वाट सापडते. तेव्हा वैशाखात शाकारणी, म्हणजे कौले उतरवून पुन्हा नीट बसवण्याचे काम, करून घ्यावी आणि पन्हळी साफ कराव्यात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात कित्येक घरांवर कौलांच्या जागी पत्रे आले. ते झाकण्याच्या खटपटीत पडू नये, कधी आणि का घातले ते सरळ सांगावे.

भिंतींविषयी मी स्वानुभवाने बोलतो. आमच्या वडिलोपार्जित घराच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला ओल दिसते म्हणून मी हौसेने सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिक रंग दिला. चिरा सच्छिद्र असतो, चुन्याच्या गिलाव्यातून त्याची ओल बाहेर पडत असते. मी तिची वाटच बंद केली. पुढच्या श्रावणात रंगाला हातभर फोड आले आणि पाहायला आलेल्या गृहस्थांनी नखाने एक फोड सोलून माझ्याकडे नुसते पाहिले. चुन्याचा साधा हात दिला असता, तर निम्म्या खर्चात काम झाले असते. आणखी एक गोष्ट या झाकाझाकीत विसरली जाते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. हे बंधन मालकीहक्कातल्या दोषांनाही लागू आहे.

हक्कांतले दोष आपल्याकडे वाळवीहून जुने असतात. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, घरपट्टी काकांच्या नावावर, आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला तरी आत्यांना आणि बहिणींना कोणी विचारलेलेच नाही! अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एकट्याचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्याच कलम 44 मुळे त्याला इतरांबरोबर तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही, म्हणून जाणता गिऱ्हाईक सगळ्यांच्या सह्या मागतो. गणपतीत सगळे एकत्र येतात, तेव्हाच हा विषय काढावा. मात्र आरतीनंतर, आणि जेवणे झाल्यावर. घरामागची बाग शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल, तर शेतकरी नसलेल्या माणसाला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, हेही आधीच तपासावे. शेजाऱ्याच्या खळ्यातून येणाऱ्या पायवाटेचा हक्क लेखी करून घ्यावा आणि ढासळलेले गडगे, म्हणजे दगडी कुंपण, उभे करावेत, म्हणजे हद्द बोट न दाखवता दिसते.

काय काढू नये, हेही सांगतो. ओटीवरचा झोपाळा, फणसाच्या लाकडाचे खांब, दारातले तुळशीवृंदावन यांना हात लावू नका. संगमरवरी फरशी गिऱ्हाईकाने शहरात पाहिलेली असते. देव मात्र आधी हलवावेत; भरल्या देवघरासमोर भावाची घासाघीस कोणालाच जमत नाही.

बहुतेक लोक घर दिवाळीनंतर, सगळे कोरडे झाल्यावर दाखवतात. गुहागरकडच्या एका बाईंनी मात्र गिऱ्हाईकाला मुद्दाम आषाढात बोलावले होते. पाऊस कोसळत होता, त्यांनी पडवीत चहा ठेवला आणि त्या स्वतः परसात निघून गेल्या. तो माणूस तासभर एकटाच घरभर हिंडला, माळ्यावर चढला, माजघराच्या जमिनीवर हात फिरवून आला, आणि परत येऊन त्याने विचारले ते एवढेच, की पन्हळीचे पाणी पुढे कुठे जाते.