बनगावचे पिंप आणि रेडिओवरची कृती

नमस्कार, श्रोतेहो.

1971 सालच्या जून महिन्यात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पूर्व पाकिस्तानातून येणाऱ्या निर्वासितांची रीघ थांबत नव्हती, आणि त्यांच्या छावण्यांत कॉलरा पसरला होता. रुग्णालयात खाटा संपल्या होत्या, माणसे जमिनीवर पडून होती आणि शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला होता. अशा वेळी डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळला, ते पाणी तोटी असलेल्या पिंपांत भरले आणि रुग्णांच्या आयांना, बहिणींना, भावांना सांगितले, की कप भरून आणा आणि थोडेथोडे पाजत राहा. जेथे शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत होते, तेथे मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांपर्यंत खाली आले.

यामागील शास्त्र समजायला अवघड नाही. आतड्याच्या अस्तरातून आत जाताना ग्लुकोज मिठातील सोडियमला सोबत घेऊन जाते आणि त्या दोघांच्या मागून पाणी शरीरात शिरते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. आपल्याकडे या पाण्याला जलसंजीवनी असे नाव मिळाले आणि ते सर्वार्थाने योग्य आहे.

परंतु आज या गोष्टीची आठवण मी वेगळ्या कारणासाठी काढली. ही कृती पत्रकांवर छापून सीमाभागात वाटली गेली, आणि त्या काळात गुप्तपणे चालणाऱ्या एका बांगलादेशी रेडिओ केंद्रावरूनही ती लोकांना सांगितली गेली. जेथे डॉक्टर पोहोचणे शक्य नव्हते तेथे आवाज पोहोचत होता, आणि हा आवाज जे करायला सांगत होता त्यासाठी लागणारे सामान स्वस्त आणि साधे होते. आरोग्याच्या संदेशाची पहिली कसोटी मला येथेच दिसते: ऐकणाऱ्याला ती गोष्ट त्याच दिवशी, हाताशी असलेल्या वस्तूंनी करता आली पाहिजे. ‘स्वच्छ पाणी प्या’ असे हापशी बंद पडलेल्या वस्तीला ऐकवत राहणे म्हणजे आपली जबाबदारी तिच्यावर ढकलणे होय.

तरीही नुसते ऐकवल्याने वागणूक बदलते, असे मात्र मला म्हणता येणार नाही. बांगलादेश स्वतंत्र झाल्यानंतर ब्रॅक या संस्थेने 1980 ते 1990 या दशकात सुमारे 1 कोटी 20 लाख घरी जाऊन आयांना हे पाणी करायला शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे घरगुती माप ठरले होते. शिकवणाऱ्या बाईचे मानधन किती घरे झाली यावर ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस येऊन आईला प्रश्न विचारी आणि तिला जेवढे आठवे त्यावर ते ठरे. एवढी काळजी घेऊनही सुरुवातीला असे आढळले, की आयांना कृती तोंडपाठ आहे, परंतु मूल आजारी पडल्यावर ती वापरणाऱ्या घरांची संख्या फारच थोडी आहे. शोध घेता दोन कारणे पुढे आली. शिकवणाऱ्यांपैकी काहींचा स्वतःचाच या पाण्यावर विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. त्यानंतर बाजारात आणि मशिदीत पुरुषांच्या बैठका झाल्या, रेडिओ आणि दूरदर्शन यांची मदत घेतली गेली, आणि मग वापर वाढला.

आपल्याकडेही बाळाला हगवण लागली, की ‘पाणी बंद करा, पाजले तेवढे बाहेरच पडते’ असे म्हणणारी वडीलधारी बाई पुष्कळ घरांत असते. तिला अडाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती जे डोळ्यांनी पाहते तेच सांगत असते. पाजल्यावर पातळ शौचाला होते, हे तिचे निरीक्षण खरे आहे; परंतु त्याच वेळी आत किती पाणी शोषले गेले आणि त्यामुळे बाळ तगले, हे डोळ्यांना दिसत नाही. रेडिओवरील भाषणाने या बाईच्या शंकेला उत्तर दिले पाहिजे. ते न देता तिच्या सुनेला परस्पर सूचना दिल्या, तर सूनबाई ऐकेल आणि गप्प बसेल.

याबाबतीत आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. 1956 साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोतृमंडळे चालवली. गावातील वीसएक माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि तो संपला की त्यावर बोलत बसत. शेतीबरोबर आरोग्य, शिक्षण आणि गावकारभार हेही विषय असत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. त्यांनी मंडळे असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली, तेव्हा मंडळांच्या गावांतील लोकांच्या माहितीत इतरांपेक्षा स्पष्ट अधिक भर पडलेली दिसली. माझ्या मते या निष्कर्षाचे मर्म मधल्या गावांत आहे. त्यांच्याकडेही रेडिओ होता आणि लहरीही त्याच होत्या. उणीव होती ती कार्यक्रमानंतरच्या बोलण्याची.

पोलिओच्या लढ्यातही हेच दिसले. 2002 साली देशात पोलिओचे सुमारे 1600 रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुतेक उत्तर प्रदेशातील होते. अमिताभ बच्चन यांचा आवाज घरोघर पोहोचला होता, ‘दो बूंद जिंदगी की’ हे शब्द मुलांच्याही तोंडी बसले होते. परंतु या थेंबांमुळे पुढे मूलबाळ होत नाही, अशी अफवा ज्या मोहल्ल्यात पसरली होती तेथील दार त्या आवाजाने उघडत नव्हते. ते उघडले त्याच वस्तीत राहणाऱ्या हजारो कार्यकर्त्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि मशिदीतून आवाहन करणाऱ्या इमामांनी. 2009 साली 741 रुग्ण होते, 2010 साली 42, आणि 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण शेवटचा ठरला. दूरदर्शनने रविवारची तारीख सर्वांना सांगितली आणि पोलिओचे थेंब ही ओळखीची गोष्ट केली, हे त्याचे श्रेय निश्चितच आहे.

रेडिओच्या ताकदीचे माप अधिक काटेकोरपणे घेतले गेले ते बुर्किना फासो या आफ्रिकी देशात. 2012 ते 2015 या काळात तेथील निवडक भागांत स्थानिक भाषांमधून बालआरोग्याचे छोटे संदेश दिवसातून अनेकदा आणि संध्याकाळी नाट्यरूप कार्यक्रम प्रसारित झाले. बालमृत्यूंत रेडिओमुळे फरक पडल्याचे सिद्ध झाले नाही, परंतु आजारी मुलांना आरोग्यकेंद्रात नेण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी सुमारे 35 टक्क्यांनी वाढले. ताप आलेल्या मुलाला आज दवाखान्यात न्यायचे की नाही, असा प्रसंगापुरता निर्णय रेडिओने बदलला; रोज हात धुण्यासारखी सवय त्या मानाने फारशी बदलली नाही. म्हणूनच माध्यमांकडून कोणते काम मागायचे, हे आधी ठरवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मुलाला जुलाब झाल्यावर काय करायचे, हा असाच प्रसंगापुरता निर्णय आहे आणि पावसाळ्यात तो अनेक घरांत घ्यावा लागतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, मी सावकाश सांगतो. उकळून गार केलेले एक लिटर पाणी. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जलसंजीवनीचे तयार पाकीट मिळाले तर ते अधिक चांगले; त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ते सबंध पाकीट एकाच वेळी टाकावे. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा कप आणि त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, घोटघोट किंवा चमच्याने पाजावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. जस्ताच्या गोळ्यांबद्दल आशाताईंना विचारावे. त्या चौदा दिवस द्यायच्या असतात. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, त्याला पिता येईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता रेडिओ थोडा वेळ बंद करा आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईला हे माप सांगून त्यांचे काय म्हणणे आहे ते विचारा.