सहा माणसांचं दुकान

(रानडे रोड, सकाळ. शटर वर जातं.)

दादर पश्चिम. गादीवरची पांढरी चादर बदलली, गणपतीला उदबत्ती लागली, दारातल्या पुतळ्याला कालची साडी काढून आजची नेसवली. बोहनी अजून व्हायची आहे.

(हातांचे क्लोजअप.)

हे हात बघा. गठ्ठ्यातली नेमकी इरकल ओढायची, एका झटक्यात उलगडायची, पदर आपल्याच खांद्यावर टाकून दाखवायचा. "ती वरची दाखवा ना." वरचीही येते. ताई दहा साड्या बघतात आणि "येते हं जाऊन" म्हणून उठतात. मग दहाही साड्यांच्या घड्या, जुन्याच मोडीवर. जरीची तार दुमडली की माल पडून राहतो. हे सगळं उभ्यानं. दिसतायत ती स्टुलं गिऱ्हाइकांची. केरळात दुकानांतल्या बायका याच प्रश्नावर भांडल्या आणि 2018 मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसायची सोय आली. तमिळनाडूनं 2021 मध्ये तेच केलं.

(गल्ल्यामागची भिंत. फ्रेममधलं गुमास्ता लायसन्स.)

हा दुकानाच्या नोंदणीचा कागद, राज्याच्या जुन्या दुकान कायद्याचा, 1948 च्या. तो कायदा माणसं मोजत बसत नव्हता. एक नोकर असला तरी लागू. आठवड्यातून एक दिवस शटर खाली, सक्तीनं. दादरचा वार सोमवार.

19 डिसेंबर 2017 पासून नवा कायदा आला. दुकान 365 दिवस उघडं, सुट्टी कामगारांना आळीपाळीनं. दिवसाला 9 तास, आठवड्याला 48. सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी, सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्या. इन्स्पेक्टरचा 'सुविधाकार' झाला, तेही एक असो. कागदावर वाईट नाही. फक्त हे सगळं ठरलं ते 10 किंवा जास्त कामगार असतील तिथे. त्याखालच्या मालकानं धंदा सुरू केल्याची सूचना दिली की झालं. किमान वेतनाचा कायदा तेवढा वेगळा, तो राहतो.

या दुकानात कामाला सहा जण आहेत.

(संध्याकाळ. गर्दी, दिवे.)

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा 10 वरून 20 कामगारांवर आणि रोजचे तास 9 वरून 10 वर न्यायला मंजुरी दिली. या हिशेबानं शेजारचं चौदा जणांचं दुकानही सुटतं.