नदीपलीकडचा बंब

[दृश्य: पहाट. थेम्स नदी. धुक्यातून वर आलेली चार पांढरी धुराडी.]

लंडनमधलं बॅटरसी वीज केंद्र. ही चार धुराडी जगभरात लोकांनी पाहिलेली आहेत. प्रत्येक 103 मीटर उंच. पण थांबा, कॅमेरा आता नदी ओलांडून समोरच्या काठावर जातोय. हा पिमलिको भाग. घरांच्या मधोमध एक काचेनं मढवलेला मनोरा दिसतोय? उंची 41 मीटर. त्याच्या पोटात आहे पाणी. उकळायला थोडंच कमी, इतकं कढत. सुमारे 25 लाख लिटर.

आपल्याकडे जुन्या घरांत मागच्या दारी तांब्याचा बंब असायचा. पहाटे कोणीतरी तो पेटवायचं आणि सगळं घर त्यावर आंघोळी उरकायचं. पिमलिकोचा हा मनोरा म्हणजे अख्ख्या वस्तीचा बंब. फक्त त्याची चूल होती नदीच्या पलीकडे.

[दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत. कोळशाच्या बोटी पुलाखालून जाताना.]

ही बोट नीट बघा. पूल जवळ आला की तिचं धुराडं आडवं पडतं. बोट पुलाखालून सरकते, पुढे गेल्यावर ते पुन्हा उभं राहतं. बॅटरसीचा कोळसा असा यायचा, भर काळात वर्षाला 10 लाख टनांहून जास्त. केंद्राचं काम 1929 साली सुरू झालं, 1933 मध्ये वीज मिळू लागली. इमारतीला हे देखणं रूप दिलं वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी. लंडनचं ते प्रसिद्ध लाल टेलिफोन खोकंही त्यांचंच. सुरुवातीला धुराडी दोनच होती. दुसरा अर्धा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर पुरा होत गेला आणि चौथं धुराडं 1955 साली उभं राहिलं.

[दृश्य: नियंत्रण कक्ष. संगमरवरी भिंती, घड्याळासारख्या तबकड्यांची रांग.]

या तबकड्यांवर वीज दिसते. जे वाया जायचं, ते इथे दिसत नाही.

कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेच्या झोतानं टर्बाइन फिरतं, वीज तयार होते. इथपर्यंत शाळेत शिकलेलो असतो. पुढचं बहुधा कोणी सांगत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत उष्णता शिल्लक असतेच, आणि तिचं पुन्हा पाणी करायचं तर ती उष्णता काढून घ्यावी लागते. नदीचं पाणी आत घ्यायचं, वाफ थंड करायची, कोमट झालेलं पाणी परत नदीत सोडायचं. त्या काळातल्या चांगल्यात चांगल्या केंद्रातही कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरायची. उरलेली धुराड्यातून आणि नदीतून निघून जायची. इकडे थेम्सला ऊब, आणि नदीकाठच्या घरांत माणसं शेगडीत वेगळा कोळसा घालून कुडकुडत बसलेली. डिसेंबर 1952 मध्ये याच शेगड्यांच्या आणि केंद्रांच्या धुरानं लंडन पाच दिवस काळवंडलं. हजारो माणसं गेली.

[दृश्य: चर्चिल गार्डन्सच्या इमारती, गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे.]

युद्धातल्या बाँबफेकीत पिमलिकोचा हा काठ उद्ध्वस्त झाला होता. तिथे वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेनं चर्चिल गार्डन्स ही नवी वसाहत बांधायची ठरवली. 1946 च्या स्पर्धेत निवड झाली फिलिप पॉवेल आणि हिदाल्गो मोया या दोघांची. दोघेही पंचविशीच्या आसपासचे! सुमारे 1600 घरं बांधायची होती, आणि समोर बॅटरसी उष्णता नदीत ओतत होतं. ती उष्णता इकडे आणायचं ठरलं. 1950 साली नदीखालच्या बोगद्यातून गरम पाण्याचे पाइप अलीकडे आले. ब्रिटनमध्ये असं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच होत होतं.

यात थोडं सोडावंही लागतं. वाफ पुरती पिळून न काढता जरा गरम असतानाच तिच्याकडून पाणी तापवून घ्यायचं, म्हणजे वीज थोडी कमी मिळते. त्या थोडक्या विजेच्या बदल्यात कितीतरी पट ऊब हाती येते. साखर कारखान्याच्या गावातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड जाळायचं, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, आणि त्याच वाफेवर पुढे उसाचा रस आटवायचा. आपण त्याला सहवीजनिर्मिती म्हणतो.

[दृश्य: मनोरा, खालून वर. मग पंपहाऊसमधले जाड पाइप, दाबमापकाचा थरथरता काटा.]

आता मनोरा कशाला, ते पाहू. विजेची गरज एका वेळी वाढते, उबेची दुसऱ्या वेळी. पहाटे सगळ्यांनाच गरम पाणी हवं. म्हणून रात्रभर येणारं कढत पाणी इथे साठवायचं. ते वरच्या अंगाला राहतं, थंड पाणी जड म्हणून तळाशी. वरून गरम काढायचं, घरांतून फिरून गार झालेलं खाली परत घ्यायचं. दोन्ही एकाच टाकीत, मधे पडदा नाही. इतकं साधं आहे हे! पाइप जवळच्या डॉल्फिन स्क्वेअरला गेले, पुढे लिलिंग्टन गार्डन्सला; याही इथल्याच वसाहती. आज तीन हजारांहून जास्त घरं या जाळ्यावर आहेत.

[दृश्य: एका घरातला रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवणारं भिंतीवरचं धातूचं उपकरण. त्यावर टाकलेला टॉवेल. एक म्हातारा हात त्यावर टेकतो.]

(निवेदन नाही. दहा सेकंद.)

[दृश्य: छप्पर उडालेलं बॅटरसी. मग आजची दुकानं, गर्दी.]

बॅटरसीचा जुना भाग 1975 साली बंद पडला, उरलेला 1983 मध्ये. जवळजवळ 40 वर्षं इमारत ओस होती; 2022 साली दुकानं, कचेऱ्या आणि महागडी घरं होऊन ती पुन्हा उघडली.

नदीपलीकडची चूल विझली तरी पिमलिकोचं जाळं मोडलं नाही. मनोऱ्याशेजारीच बॉयलर बसले, पुढे गॅसवर चालणारी, वीज आणि उष्णता दोन्ही देणारी इंजिनं आली. वापरातल्या गॅसचाही धूर होतोच, म्हणून आता थेम्सच्याच पाण्यातली उष्णता उपसून ती या भागातल्या घरांना द्यायचा विचार चालू आहे.

[दृश्य: संध्याकाळ. काचेच्या मनोऱ्यावर मावळतीचं ऊन. खाली गॅलरीत कोणीतरी दिवा लावतं.]

चार वाजत आलेत, डिसेंबर आहे. लंडनमध्ये अंधार पडतोय. घरोघरी रेडिएटरचे नळ उघडतील, आणि मनोऱ्यातलं गार पाणी तळापासून हळूहळू वर चढू लागेल.