भूतकाळ एकदाच दाखवायचा

नमस्कार श्रोतेहो. पाचवी ते आठवीतल्या मुलामुलींसाठी आणि त्यांचा इंग्रजीचा अभ्यास घेणाऱ्या मोठ्यांसाठी आज बोलणार आहे. वही-पुस्तक राहू द्या बाजूला, नुसते कान द्या.

एक वाक्य सांगते. 'शी वेन्ट होम.' ती घरी गेली. याचं नकारार्थी वाक्य करा बरं, मनातल्या मनात. झालं? ज्यांनी 'शी डिडन्ट वेन्ट होम' असं केलं, त्यांनी लाजायचं कारण नाही. रेडिओवरून मला कोणी दिसत नाही, आणि ही चूक सगळ्यात जास्त होणाऱ्या चुकांपैकी आहे. बरोबर वाक्य: 'शी डिडन्ट गो होम.'

चूक का होते ते पाहू. मराठीत 'ती गेली'चं 'ती गेली नाही' होतं. 'गेली' तसंच राहतं, मागे 'नाही' लावलं की काम झालं. मुलं हीच सवय इंग्रजीत नेतात. पण इंग्रजीत अशा वाक्यात भूतकाळ एकदाच दाखवायचा असतो. 'डिड' आलं की ती जबाबदारी त्यानं घेतली, मग 'वेन्ट'चं पुन्हा 'गो' होतं. 'डझ'चंही तेच. 'ही प्लेज' यात शेवटी एस आहे. 'डझ ही प्ले?' म्हटलं की तो एस 'डझ'कडे गेला, 'प्ले' मोकळं झालं. एवढं एक कळलं की प्रश्न आणि नकार दोन्हींची बरीचशी भानगड मिटते.

पण कळणं वेगळं आणि तोंडात बसणं वेगळं. गाळलेल्या जागा भरण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पानाच्या वर 'साधा भूतकाळ' असं छापलेलं असतं, त्यामुळे खालच्या दहाही जागी काय भरायचं ते मुलाला आधीच ठाऊक असतं. बोलताना वर मथळा कोण लावून देणार? त्यापेक्षा एकच वाक्य घ्या आणि ते मोठ्यानं फिरवत राहा. 'शी वेन्ट होम. शी डिडन्ट गो होम. डिड शी गो होम? व्हेअर डिड शी गो?' आणि आता जरा सावध: घरी कोण गेलं? 'हू वेन्ट होम?' इथे 'डिड' नाही! कारण 'हू' हाच इथे कर्ता आहे, कर्त्याबद्दलच विचारायचं असेल तर 'डिड'ची मदत लागत नाही. ही गंमत हुशार मुलांनाही चकवते, म्हणून इथे दोनदा थांबा.

क्रियापदांचा तो लांबलचक तक्ता ए पासून झेडपर्यंत पाठ करू नका. अनियमित क्रियापदं, म्हणजे ज्यांच्या भूतकाळाला ईडी लागत नाही ती, कोणती आहेत ते बघा: बी, हॅव, डू, से, गो, मेक, टेक, कम, सी. सगळी रोजच्या वापरातली. सतत तोंडात असल्यामुळेच त्यांची जुनी रूपं टिकली. त्यांच्यापेक्षा कमी वापरातल्या अनेक क्रियापदांना हळूहळू ईडी लागलं. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होतं, आज ते 'हेल्प्ड' आहे. तेव्हा रोज लागणारी आधी घ्या, बाकीची वाचता वाचता भेटतील. आणि ईडीचा उच्चार सगळीकडे 'एड' करू नका. वॉक्ट, प्लेड, वॉन्टिड. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असा आवाज असेल तरच 'इड' ऐकू येतं.

आता शब्दसंग्रह. रोज दहा शब्द आणि समोर अर्थ, अशी वही भरते, डोकं भरत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, नंतर त्याचा वेग मंदावतो, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी विभागून केलेली उजळणी जास्त टिकते, असं त्याला आढळलं. म्हणून आजचा शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा काढा. पण अर्थ झाकून! नुसतं वाचत गेलं की 'येतंय मला' असं उगाच वाटतं.

शब्द एकटा लिहू नका, त्याच्या सोबत्यासकट लिहा. मराठीत पाऊस मुसळधार आणि ऊन कडक. मुसळधार ऊन कोणी म्हणत नाही. तसं इंग्रजीत 'हेवी रेन' पण 'स्ट्राँग विंड', 'डू होमवर्क' पण 'मेक अ मिस्टेक'. याला नियम शोधत बसू नका, जोडीच लक्षात ठेवा. आणि अवघड शब्दांचा हव्यास नको. इंग्रजीचे शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये शिकणाऱ्यांसाठी सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. साध्या इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग तेवढ्यात येतो.

आता मोठ्यांसाठी थोडं. मूल बोलत असताना मध्येच 'चूक!' म्हणून तोडू नका. ते म्हणालं, 'ही डिडन्ट केम', तर तुम्ही सहज विचारा, 'ही डिडन्ट कम? व्हाय?' बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं आणि बोलणंही पुढे सरकलं. लगेच सुधारणा दिसेलच असं नाही. दोन-चार दिवस ते 'केम'च म्हणत राहील. राहू द्या. तुम्ही मात्र 'कम' म्हणायचं सोडू नका.

नमस्कार.