राउटर ‘थांब’ म्हणतो तेव्हा

मघाशी चहाच्या वेळी एका तरुण मित्राने आपला राउटर माझ्यापुढे ठेवला. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली होती. दिवे लागतात, पण केबल जोडली तरी सेटिंगचं पान उघडत नाही. काय केलंस विचारलं, तर म्हणाला, “अपग्रेड करताना काहीतरी मेसेज आला. मी फोर्स केलं.” आज त्या ‘काहीतरी’बद्दलच बोलतो.

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. चादरीच्या एका मागाची जेकॉर्डची, म्हणजे नक्षी ठरवणारी, कार्डं वेगळ्या हुकसंख्येच्या मागावर कोणी चढवत नाही. राउटरचं तसंच. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन घ्या. नवव्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप, तेराव्यात मीडियाटेकची, आणि खोक्यावर नाव तेच! म्हणून आधी राउटर उलटा करून लेबलवरची आवृत्ती वाचा.

ओपनडब्ल्यूआरटीच्या इमेजच्या, म्हणजे राउटरवर चढवायच्या फाइलच्या, शेवटी माहितीचा एक छोटा तुकडा जोडलेला असतो. ही इमेज कोणत्या उपकरणांची, ते त्यात लिहिलेलं असतं. सिसअपग्रेड, म्हणजे इमेज चढवणारी आज्ञा, ती यादी तुमच्या बोर्डाच्या नावाशी ताडून पाहतं आणि नाव नसेल तर अडवतं. ‘-टी’ लावून चालवलं तर नुसती तपासणी होते, फ्लॅशला, म्हणजे राउटरच्या साठवणीला, हात लागत नाही. शा-२५६ हा फाइलचा पडताळणी-आकडा जुळला की पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण त्यावरून फाइल धड उतरली एवढंच कळतं. दुसऱ्या राउटरची फाइलसुद्धा धडच उतरते.

आता त्या मित्राचा मेसेज. त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, फार चांगलं केलं. त्यात १.० वरून १.१ असं लिहिलंय. २०२१ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीची २१.०२ आवृत्ती आली तेव्हा बऱ्याच उपकरणांवर स्विच, म्हणजे केबलची पोर्टं जोडणारा भाग, हाताळायची जुनी पद्धत जाऊन डीएसए ही नवी पद्धत आली. पोर्टांची नावंच बदलली. जुन्या सेटिंगला ती नावं सापडत नाहीत, म्हणून लॅन, म्हणजे घरातली केबलची जोडणी, बंद पडतं. हे ओळखता यावं म्हणून प्रत्येक इमेजला सुसंगततेचा आकडा दिलेला असतो. दशांशानंतरचा आकडा वाढला, तर इमेज तुमचीच आहे, फक्त जुनी सेटिंग न ठेवता ‘-एन’ लावून चढवायची. दशांशाआधीचा आकडा वाढला, म्हणजे १ चा २ झाला, तर सिसअपग्रेडची वाटच बंद. त्या उपकरणाच्या पानावरची वेगळी रीत वाचावी लागते. मेसेज दोन्ही वेळा येतो, अर्थ मात्र अगदी वेगळा. आणि फोर्स केलं की दोन्ही सूचना सारख्याच धुडकावल्या जातात. मला याचंच वाईट वाटतं, कारण कोणीतरी विचार करून तो मेसेज लिहिलेला असतो.

‘-एन’ने चढवल्यावर जुना बॅकअप परत टाकू नका, तीच अडचण पुन्हा येईल. पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट जोडणीचं, नाव, पासवर्ड, वायफायची नावं आधीच कागदावर उतरवून ठेवा.

या मित्राचा राउटर बहुधा वाचेल. सुरू होताना दिवा लुकलुकायला लागला की बटण दाबून फेलसेफ या दुरुस्तीच्या अवस्थेत जायचं, लॅपटॉपला १९२.१६८.१.२ पत्ता द्यायचा, १९२.१६८.१.१ वर एसएसएचने, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जोडणीने, शिरायचं आणि सगळी सेटिंग पुसणारी फर्स्टबूट ही आज्ञा चालवायची. ये, इथेच करून बघू.