घरच्या वेल्डिंगला कोणता बाटला घ्यावा?

मघाशी कुणीतरी विचारलं, "आर्गॉनचा छोटा बाटला कुठे मिळेल?" (आर्गॉन म्हणजे वितळलेल्या टाक्याला हवा लागू नये म्हणून त्यावर सोडायचा गॅस.) माझा उलट प्रश्न, जोडणार काय आहात? गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचा स्टँड, म्हणजे साधं लोखंडच असेल, तर आर्गॉनचा हट्ट सोडा, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड घ्या. आपल्या नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये मिग मशीनला (तार आपोआप पुढे सरकून वितळते ते) सरसकट 'सीओटू वेल्डिंग' म्हणतात ते उगाच नाही. छर्रे जास्त उडतात, ग्राइंडर थोडा जास्त फिरवावा लागतो, पण टाका खोल बसतो आणि गॅस स्वस्त पडतो. पातळ पत्रा असेल, दिसायला सुबक हवं असेल, तर आर्गॉनमध्ये 20 टक्के सीओटू मिसळलेला गॅस घ्या. टिगला (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाने जोडतात ते वेल्डिंग) मात्र शुद्ध आर्गॉनच. तिथे सीओटू लावलात तर टंगस्टन जळून जाईल.

आता आकार. 10 लिटरच्या बाटल्यात 150 बार दाबाला साधारण दीड घनमीटर आर्गॉन मावतो. मिनिटाला 10 लिटर गॅस धरला तर अडीच तास, तेही नुसता आर्क (जोडणारी विजेची ठिणगी) चालू असतानाचे. 47 लिटरचा मोठा बाटला 7 घनमीटरचा, म्हणजे साडेअकरा-पावणेबारा तास. त्यामुळे छोटा बाटला हाताळायला सोपा असला तरी भरून आणायच्या खेपा वाढतात. माझं मत विचाराल तर आधी गॅसवाला ठरवा, बाटला मग. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला बाटला अनेक जण भरूनच देत नाहीत. त्याची मालकी आणि मानेवर ठोकलेली हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीची) तारीख ते बघतात, आणि बरोबरच करतात.

सीओटूचं गणित वेगळं. तो आत द्रवरूपात असतो, म्हणून वजनावर विकतात. एका किलोचे पाचशेच्या वर लिटर गॅस होतात. दाबाच्या गेजवर 20 अंशाला 57 बारच्या आसपास दिसतं आणि द्रव संपेपर्यंत काटा हलत नाही. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा 10 अंशांवर येतो, तेव्हा हाच काटा 45 वर असतो. मग लोक दुकानदाराशी भांडतात, "कमी भरलास!" अहो, वजनकाट्यावर ठेवा, बाटल्यावर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा, कळेल. बाटला उभाच ठेवायचा. आडवा केला तर रेग्युलेटरमध्ये द्रव जातो. तसंही सलग काम केलं की रेग्युलेटरवर बर्फ धरतो, त्यासाठी हीटर बसवतात. आग विझवायचा सीओटूचा बाटला जोडायचा जुगाडही नको, त्यात तळापर्यंत नळी असते, ती द्रवच वर ओढते.

पिंपळगाव-दिंडोरीकडची मंडळी इथे आहेत, त्यांना सांगतो, द्राक्षबागेत मांडवाचे अँगल जोडायला गॅस नेऊच नका. उघड्यावरचा वारा गॅसचं आवरण उडवून लावतो आणि टाक्यात भोकं पडतात. तिथे आपला रॉडच बरा, त्याला बाटला लागत नाही.

घरी बाटला भिंतीला साखळीने बांधा, खिडकी उघडी ठेवा. दोन्ही गॅस हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साठतात, आणि आर्गॉनला तर वासही नाही.