डेस्कटॉप असू द्या, पण आपोआप नको
(नागपुरातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत कुठल्याही दुकानात डोकावलात, तर मॉनिटर नसलेला, कोपऱ्यात बसून फायली सांभाळणारा एखादा जुना संगणक आढळेल. त्यात लिनक्स ही कार्यप्रणाली असली, तरी ती बहुधा डेस्कटॉपसकट, म्हणजे माउसने हाताळायच्या चित्रमय पडद्यासकट, बसवलेली असते, आणि पाहणारे कोणी नसतानाही हा बिचारा रोज लॉगिनचा देखणा पडदा मांडून बसतो. दोन गिगाबाइट रॅमच्या यंत्राला ही चैन परवडणारी नाही.

यावर उपाय म्हणून डेस्कटॉपच काढून टाकण्याची अनेकांना घाई होते. मला ते पटत नाही, कारण पॅकेजेस, म्हणजे लिनक्सचे सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यांनी बसवले जाते ते गठ्ठे, एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की एक उपटताना नेटवर्क सांभाळणारे पॅकेजही हाताशी येते. डेस्कटॉप राहू द्यावा. संगणकाने आपण होऊन तिथवर जाऊ नये, एवढेच पाहावे.

२०१० साली पुढे आलेल्या आणि आज लिनक्सच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे तयार आवृत्त्यांत, रुळलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेत, यंत्राने सुरू होताना कुठवर पोहोचायचे हे ‘टार्गेट’ ठरवते. मल्टी-यूजर टार्गेटमध्ये नेटवर्क, सेवा आणि अक्षरी लॉगिन मिळते. ग्राफिकल टार्गेट त्याच्यावर डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिनचा चित्रमय पडदा दाखवणारा प्रोग्राम, चढवते. ‘डिफॉल्ट टार्गेट’ म्हणजे या दोहोंपैकी एकाकडे बोट दाखवणारा दुवा. ‘सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर डॉट टार्गेट’ ही कमांड सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, दिली, की तो दुवा बदलतो. ‘गेट-डिफॉल्ट’ने खात्री करून यंत्र पुन्हा सुरू करावे, काम झाले.

जुन्या मार्गदर्शिकांत इनिटटॅब फायलीतला पाचाचा आकडा तीन करायला सांगितलेले असते. हे आकडे म्हणजे रनलेव्हल, टार्गेटचे जुने रूप. रेड हॅट या वितरणावर ते चालत असे. डेबियन या दुसऱ्या वितरणात मात्र दोन ते पाच या रनलेव्हल मुळातच सारख्या असल्याने तिथे त्याचा कधीच उपयोग नव्हता, आणि सिस्टिमडी तर ती फाइल वाचतच नाही.

कधी डेस्कटॉप लागलाच, तर ‘सिस्टिमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल डॉट टार्गेट’ म्हणावे; यंत्र लगेच त्या टार्गेटवर जाते. उलट दिशेने, म्हणजे डेस्कटॉपवर बसून मल्टी-यूजर आयसोलेट केलेत, तर उघडे सत्र जतन न केलेल्या कामासह जागीच बंद होते, हे ध्यानात असू द्या. एखाद्याच वेळी डेस्कटॉप हवा असेल, तर यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या बूट-मेनूच्या यादीत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘सिस्टिमडी डॉट युनिट’ बरोबर ग्राफिकल टार्गेट असे लिहावे. तो बदल तेवढ्या सुरुवातीपुरताच टिकतो.

वायफायवाल्यांनी मात्र सावध असावे. पासवर्ड वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये, म्हणजे त्याच्या लॉगिननंतरच उघडणाऱ्या पासवर्डांच्या तिजोरीत, साठवलेला असेल, तर डेस्कटॉपवर लॉगिन होईपर्यंत जोडणीच होत नाही. ती जोडणी आधीच सर्व वापरकर्त्यांसाठी खुली करून ठेवावी. आणि आपल्यासाठी खास अडचण अशी, की लिनक्सच्या अक्षरी कन्सोलला, म्हणजे डेस्कटॉपविना दिसणाऱ्या नुसत्या अक्षरांच्या पडद्याला, देवनागरी जोडाक्षरे जुळवता येत नाहीत, त्यामुळे मराठी नावांच्या फायलींच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात. फायली शाबूत असतात. दुसऱ्या संगणकावरून, देवनागरी नीट दाखवणाऱ्या टर्मिनलमधून (कमांड टाइप करण्याच्या खिडकीतून) एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या सोयीने, आत शिरलात, तर तीच नावे व्यवस्थित वाचता येतात. अर्थात त्यासाठी एसएसएचची सेवा चालू आहे ना, हे मॉनिटर काढण्याआधीच तपासून घ्यावे.